साक्ष दिल्यावर दुखलं तर

रूथचा गाऊन मी खांद्यावरून खाली घेतला आणि माझा हात थांबला. ऑपरेशनच्या वणाच्या कडेने कातडी लाल झाली होती आणि तिच्यात हरभऱ्याएवढे कठीण दाणे उठले होते. एक नाही, काखेपर्यंत रांगच. त्यातल्या एकाचं तोंड फुटून पाणी येत होतं.

तिला ताप होता म्हणून मी अंग पुसायला बसले होते. ती नको म्हणत होती, माझं मी करते म्हणत होती. तापात तिचं काही चाललं नाही.

"हे काय गं?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"रूथ, कधीपासून आहे हे?"

"आई, हळू बोल. शलोमी बाहेर अभ्यासाला बसलीय."

"कधीपासून?"

"उपकारस्तुती झाली ना, त्यानंतर लगेच. आधी एकच होता."

"आणि कुणाला बोलली नाहीस? नवऱ्याला नाही, मला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही?"

"साक्ष दिली होती ना, आई," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर उभी राहून दिली होती. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

मी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि तिची पाठ पुसून काढली. दुसरं काय करणार होते?

आम्ही कोण

मी नगर जिल्ह्यातली, राहुरीकडची. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. नवरा वारल्यावर लेकीकडे जयपूरला आले, मुरलीपुऱ्यात. रूथ माझी एकुलती एक. जावई विजय जवळच्याच कारखान्यात मोटारींच्या वाइंडिंगचं काम बघतो. रूथ वैशाली नगरच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवायची, रोज स्कूटरने जायची. नात शलोमी दहावीला. तिचं मराठी निम्मं हिंदी.

आम्ही ख्रिस्ती. आमच्यात माणूस दुखण्यातून उठला की घरी उपकारस्तुती करतात. चर्चचे पाळकसाहेब येतात, मंडळीतली माणसं येतात, गीतं होतात, बरा झालेला माणूस उभा राहून देवाने काय केलं ते सांगतो. ती साक्ष. मग चहा-चिवडा. चांगली रीत आहे. माझा तिच्यावर राग नाही. पण तिच्यामुळे माझ्या घरात काय झालं ते बायकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

माझी गाठ

गाठ आधी मला झाली. दिवाळीच्या सुट्टीत एकदा अंघोळ करताना डाव्या बाजूला बोटाला लागली. दुखत नव्हती. पण आपल्या अंगात आपल्याला माहीत नसलेलं काही असावं हे मला आवडलं नाही. टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले आणि रूथला म्हटलं, "हात लावून बघ."

तिने हात लावला. तिचा चेहरा बदलला, पण बोलली चेष्टेने. "या वयात नवीन काय काय उगवतंय तुझ्या."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून तिने मला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या आवारात खेड्यापाड्यांतली माणसं रजया पसरून बसलेली असतात. कुणी बाजरीच्या भाकऱ्या बांधून आणलेल्या, कुणी ताकाची बाटली. मी म्हटलं, जत्राच आहे. रूथ म्हणाली, आई, ही जत्रा कुणालाच बघायची नसते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत होता. मला तपासलं आणि रूथकडे वळल्या.

"आप बेटी हैं? कभी अपनी जाँच करवाई?"

रूथ हसली. "मुझे क्या हुआ है डॉक्टर साहब? मैं तो इनको लाई हूँ।"

"माँ को है तो बेटी को भी देखना पड़ता है। आ जाइए अंदर।"

ती हसतच पडद्यामागे गेली. मी माझ्या ब्लाउजचे हूक लावत बाहेर बसले होते. पडद्यामागे त्यांचं बोलणं चालू होतं, मग बंद झालं. बराच वेळ बंद राहिलं. रूथ बाहेर आली तेव्हा ओढणी नीट करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. उद्या परत यायचंय. तुला पण आणि मला पण."

माझ्या गाठीचं मला त्या दिवशी भय वाटलं नव्हतं. साठी कधीच ओलांडलेली बाई, नवरा पुढे गेलेला. पण त्या पडद्यातून माझी लेक बाहेर आली, तेव्हापासून जे भय बसलं ते अजून उठलेलं नाही.

बाकडं

तपासण्या झाल्या. दोघींना एकच रोग. माझी गाठ लहान होती, हळू वाढणारी. ती बाजू कापून काढली आणि रोजची एक गोळी लावून दिली. रूथची मोठी निघाली आणि काखेत उतरलेली होती. तिला ऑपरेशन, मग केमो, मग सिकाई, म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे तिला लाईट देणं म्हणतात.

मी मनात देवाला म्हटलं, अदलाबदल कर. तिचं मला दे. मी तयार आहे. हे मी गुडघे टेकून म्हटलं, भांडी घासताना म्हटलं, शेअर रिक्षात म्हटलं. त्याने ऐकलं नाही. माझं बरं होत गेलं.

केमोच्या दिवशी आम्ही लोखंडी बाकड्यावर नंबराची वाट बघत बसायचो. शेजारी सीकरकडची एक बाई घुंगट घेऊन असायची. तिने एकदा रूथच्या गळ्यातला क्रूस बघून विचारलं, "कौन से देवता को मानते हो?"

"यीशु को।"

"वो सुनते हैं?"

"सुनते तो हैं।"

"फिर ठीक क्यों नहीं करते?"

मला वाटलं आता रूथ वचन काढून समजावेल. तिला सगळं पाठ होतं. ती म्हणाली, "पता नहीं बहनजी। अभी तो सुनके मेरे पास बैठे हैं बस। आपके पास भी जगह है, थोड़ा सरक जाओ।"

ती बाई घुंगटातून हसली आणि खरंच सरकली. जागा मोकळी ठेवली. त्यानंतर आम्ही तिघी बसायचो तेव्हा मध्ये एक जागा रिकामी असायची आणि कुणी माणूस टेकायला आला की सीकरवाली त्याला उठवायची. "किसी की है," म्हणायची.

मोठमोठी प्रवचनं मी जन्मभर ऐकली. त्यातलं फार थोडं राहिलं. ती रिकामी जागा राहिली आहे.

बाजरी

माझी डावी बाजू गेली, रूथची उजवी. ती म्हणाली, "दोघी मिळून एक अख्खी बाई आहोत."

ब्लाउज एका बाजूने लोंबतो. बाजारात भरीव गाद्या मिळतात, पण मला त्या घामाने चावायच्या. मी जुन्या सुती साडीच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्यांत बाजरी भरली. कापूस हलका पडतो, वर सरकतो. बाजरीला वजन असतं, अंगाबरोबर बसते. रूथने घालून बघितली, आरशात वळून बघितलं आणि म्हणाली, "छान झालीय. आता फक्त चिमण्या मागे लागल्या नाहीत म्हणजे झालं."

विजय दाराबाहेर होता. तो हसला आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

केस गेले तेव्हा मात्र रूथला हसता आलं नाही. शलोमीने तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. "मम्मी, तू अजून पण सुंदर लगते," ती म्हणाली. मराठी धड नाही, हिंदी धड नाही. पण त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं.

मी हे लिहिते कारण आजारात सगळे दिवस काळे नसतात. हसण्याचे दिवस येतात. ते आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

साक्ष

सिकाई संपली. मग पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभी साफ़ दिख रहा है। तीन महीने बाद फिर दिखाना है, भूलना नहीं।"

विजयने साफ़ एवढंच ऐकलं. दवाखान्याच्या फाटकातूनच त्याने नगरला, पुण्याला, सगळीकडे फोन केले. रस्त्यात उभा राहून मोठ्याने बोलत होता, येणारे-जाणारे बघत होते. इतके दिवस दाबून ठेवलेला माणूस. त्याला कोण गप्प बसवणार? मीही बसवलं नाही.

गच्चीवर टेंट लावून उपकारस्तुती केली. मंडळी हिंदी आहे, निम्मी राजस्थानी, थोडी केरळची, मराठी आम्हीच. सगळी आली. रूथ गाणाऱ्या बायकांत पहिली, तिच्या शेजारी पुष्पा नावाची बाई उभी राहते, तिचा आवाज जाडा आहे. दोघींनी गीतं घेतली. रूथच्या डोक्यावर नुकते केस आले होते, ओढणीतून दिसत होते.

आधी मला उभं केलं. मी म्हटलं, "मी बरी आहे. गोळी चालू आहे. देवाचे उपकार." आणि खाली बसले. लोक हसले. पाळकसाहेब म्हणाले, माँजी, इतना ही? मी म्हटलं, इतना ही मालूम है.

मग रूथ उठली. ती छान बोलायची, शाळेत शिकवून शिकवून जिभेला वळण होतं. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, प्रभूने मला पूर्ण बरं केलं. पूर्ण. बायका रडल्या. विजय रडला.

त्या साक्षेला पाय फुटले. पाळकसाहेबांनी ती दुसऱ्या मंडळ्यांत सांगितली. राजा पार्ककडची माणसं आपले आजारी घेऊन आमच्या घरी येऊ लागली, की रूथबहन प्रार्थना करेल. ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. एकाला नाही म्हटलं नाही.

आणि तेव्हा पिशवीखाली तिच्या वणावर पहिला दाणा आला होता.

जे दिसत होतं

ती घरातसुद्धा पिशवी काढेना. मी म्हणायचे, गरम होतंय, काढ की. ती म्हणायची, सवय झाली.

तीन महिन्यांनी दाखवायला गेली ती एकटी गेली, शाळेतून परस्पर. घरी येऊन म्हणाली, ठीक आहे म्हणाल्या. पुढे तिने मला सांगितलं की ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती. आवारातल्या रजया दिसल्या आणि स्कूटर वळवली.

संक्रांतीला जयपूरचं सगळं गाव गच्चीवर असतं. सकाळपासून पतंग, लाउडस्पीकर, तिळाचे लाडू. शलोमी पतंग उडवत होती आणि रूथ मागे मांज्याची चरखी धरून उभी होती. दरवर्षी ती चरखी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून नाचायची. यंदा पोटाशी धरली होती, डाव्या हातात. उजवा हात वर जात नव्हता. मध्येच खोकली. मी बघितलं. मला वाटलं, गार वारं आहे.

ताप आला तो त्यानंतर. मग मी फडकं घेऊन बसले, ते वर सांगितलं आहे.

घर

रोग फुप्फुसात आणि लिव्हरमध्ये गेला होता. डॉक्टरीणबाई रूथला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ही वेळेवर आली असती तर वाचली असती का? मला खरं सांगा.

"कह नहीं सकते, माँजी। शायद कुछ समय और मिलता।"

शायद. त्या शब्दाबरोबर मी राहते आहे.

विजयने रूथशी बोलणं टाकलं. तिला दवाखान्यात न्यायचा, औषध आणायचा, पण बोलायचा नाही. एकदाच बोलला, माझ्यासमोर.

"रस्त्यावरच्या माणसांना तू प्रार्थना देत होतीस. आणि मला? मी कोण होतो गं?"

"तू इतका खूश होतास," रूथ म्हणाली. "तुला तसं मी कधी बघितलंच नव्हतं."

तो चपला घालून बाहेर गेला. पाळकसाहेब आले तेव्हा त्याने दार उघडलं नाही. मी उघडलं. पाळकसाहेब वयाने लहान आहेत, शलोमीचा मामा शोभेल एवढे. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माँजी, मैंने इनकी गवाही दस जगह सुनाई. एक बार फोन करके पूछा नहीं कि बहन, कैसी हो." तेवढं खरं बोलले. म्हणून त्यांना चहा दिला.

माझं म्हणाल तर माझी प्रार्थना बंद पडली. पदर डोक्यावर घ्यायचे, डोळे मिटायचे, शब्द यायचा नाही. लहानपणापासून जे तोंडात होतं ते सगळं कोरडं. एका दुपारी रूथच्या खाटेजवळ अशीच बसले होते. तिला वाटलं मी प्रार्थना करते आहे.

"काय मागतेस?"

"काही नाही. येत नाहीये."

"मग नुसती बस," ती म्हणाली. "प्रभूने पण मरणाच्या आदल्या रात्री बागेत मित्रांना तेवढंच सांगितलं होतं. जवळ बसा म्हणून. त्याने बापाजवळ मागितलं होतं ना, हे दुःख टळू दे. टळलं का? मित्र पण झोपले. तू फक्त झोपू नकोस."

हे मी हजार वेळा ऐकलेलं होतं. दर वर्षी ईस्टरच्या आधी, दुःखसप्ताहात ऐकते. पण देवाच्या पोरानेसुद्धा मागितलं आणि त्यालाही मिळालं नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानात गेलं. माझं दुःख त्याने कमी झालं नाही. पण मी एकटी उरले नाही. त्यानंतर मी मागणं सोडलं आणि बसणं धरलं. अजूनही माझी प्रार्थना म्हणजे बसणं आहे. ज्यांना शब्द येत नाहीत त्यांनी बसावं. चालतं.

दुसरी साक्ष

रूथला चर्चला जायची ताकद राहिली नाही. रविवारी मी निघाले तेव्हा तिने हात धरला.

"आई, साक्षेच्या वेळी उभी राहा. माझं सांग."

"काय सांगू?"

"आहे ते."

"लोक काय म्हणतील?"

"आता कधीपासून तुला लोकांची काळजी?"

मी गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, किसी को गवाही देनी है? मी उठले. माझं हिंदी मोडकं. म्हटलं, "रूथ की गाँठ वापस आ गई. फेफड़े में गई. वो बचेगी नहीं, डॉक्टर ने बोला. गवाही हमने जल्दी दी. प्रभु ने झूठ नहीं बोला, जल्दी हमारी थी. फिर उसको शर्म आई और उसने बताया नहीं. ये शर्म उसको हम सबने दी. अब बताओ, डब्बा कौन कौन लाएगा? मेरे से रसोई और दवाख़ाना दोनों नहीं होता."

एक बाई पुढून म्हणाली, "माँजी, ऐसा मत बोलो. विश्वास से बोलो."

"विश्वास है इसलिए इधर आके बोल रही हूँ. नहीं होता तो घर में बैठती."

मग केरळच्या एका बाईने मागून हात वर केला. "सोमवार को मैं लाऊँगी." मग दुसरीने. मग बरेच हात. उपकारस्तुतीला जितकी माणसं होती त्यापेक्षा कमी, पण बरेच.

उपासना संपल्यावर बाहेर चपला शोधत होते तर पुष्पाने मागून माझा पदर ओढला. गाण्यात रूथच्या शेजारी उभी राहणारी, जाड्या आवाजाची. तोंड पांढरं पडलं होतं.

"आंटीजी, मेरे को भी है."

"काय?"

तिने माझा हात धरून आपल्या काखेशी नेला. पदराखाली, चपलांच्या ढिगाशेजारी, भर उन्हात. गाठ होती. सुपारीएवढी.

"किसको बताया?"

"किसी को नहीं. रूथ दीदी प्रार्थना करती थी ना, तो सोचा निकल जाएगी. फिर नहीं निकली तो सोचा, मेरे में ही विश्वास नहीं होगा."

मी तिला तशीच घरी आणली. रूथने ऐकलं आणि उशीवरून मान उचलली. अंगात जीव नव्हता, पण बालवर्गावर ओरडायची तशी ओरडली, "पागल है क्या? मुझे देख! देख मुझे!" आणि मग तिला जवळ ओढून तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पुष्पा रडत होती. रूथ रडली नाही. म्हणाली, "कल सुबह जाना है. कल. सुना?"

"मेरे घर से कोई नहीं जाएगा, दीदी. वो ड्यूटी पे हैं, और सास..."

विजय दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. म्हणाला, "मी नेतो. सकाळी लवकर गेलं तर नंबर लागतो. मला तिथलं सगळं माहीत आहे." आणि रूथकडे बघून म्हणाला, "तुझी स्कूटर नेतो. चावी कुठंय?"

तो तिच्याशी बोलला. चावी विचारली, तेवढंच. रूथने उशीखालून काढून दिली आणि त्याने ती घेताना तिची बोटं जरा वेळ सोडली नाहीत.

डबे

नंतरचे महिने डब्यांचे. इडल्या, गट्ट्याची भाजी, कढी, कधी नुसती खिचडी. ज्या बाईने मला विश्वासाने बोलायला सांगितलं होतं ती आठवड्यातून दोनदा यायची आणि काही न बोलता रूथचे कपडे धुऊन जायची. मी तिला माफ केलं. कपडे धुणाऱ्या बाईवर किती दिवस राग धरणार?

बरं होण्याची प्रार्थना करायला कुणी आलं तर रूथ म्हणायची, करा, पण आधी मला कुशीवर वळवा.

शलोमी परीक्षेचं पुस्तक घेऊन आईच्या पायाशी बसायची. एकदा मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आजी, जीसस ने मम्मीको क्यों नहीं ठीक केलं? तुला केलं ना."

"मला माहीत नाही."

"तू पण नाही माहीत?"

"नाही. आणि ज्याला माहीत आहे असं म्हणतो त्याचं ऐकू नकोस."

ती माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. कढी उतू गेली.

जून

रूथ जूनमध्ये गेली, दुपारी. बाहेर लू, ते जूनचं भाजणारं वारं, चालली होती, कूलरचा पंखा खडखडत होता. विजय चमच्याने पाणी घालत होता, ते तोंडातून बाहेर येत होतं, तरी तो घालत होता. मी पदर घेऊन बसले होते. शलोमीने आईचे पाय धरले होते. कुणी झोपलं नव्हतं.

कबरस्तानात सगळं हिंदीत झालं. मला एक मराठी गीत म्हणायचं होतं, आमच्या गावाकडे माती देताना म्हणतात ते. तिथे ते कुणाला येत नव्हतं. मी एकटीच सुरू केलं. आवाज फाटका. दुसऱ्या ओळीला माझ्या शेजारून दुसरा आवाज आला. शलोमी. हिला धड मराठी बोलता येत नाही आणि सगळी कडवी पाठ. रूथ पोळ्या लाटताना म्हणायची ते.

पुष्पा मागे उभी होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. तिचा केमो चालू होता.

घरी आल्यावर उपकारस्तुतीचं कुणी नाव काढलं नाही. मीच काढलं. गच्ची नाही, टेंट नाही, खोलीत सतरंजी टाकली. विजय येणार नाही म्हणाला होता, पण आला, दाराशी बसला. मी म्हटलं, रूथ आम्हाला मिळाली होती याबद्दल देवाचे उपकार. ती का गेली ते मला कळलेलं नाही. ज्यांना कुठे दुखत असेल त्यांनी चहाच्या आधी सांगावं.

तेवढीच साक्ष. तीच इथे लिहिली आहे. साक्ष दिली असली तरी दुखलं तर सांगा. देव खोटा पडत नाही. पडलाच तर त्याचं तो बघेल, त्याला सांभाळण्यासाठी आपण मरायचं नसतं.

आता

पुष्पासाठी मी नवी पिशवी शिवली. रूथची उसवली आणि धुतली. तिच्यातली बाजरी गच्चीच्या कठड्यावर टाकली. चिमण्या आल्या.

पुष्पाचे उपचार संपले. रविवारी गाते. दर तीन महिन्यांनी विजय तिला तपासायला नेतो. ती फाटकातून परत वळू नये म्हणून आत खुर्चीपर्यंत सोबत जातो. माझी गोळी चालू आहे.

आजारी आम्ही तिघी पडलो. पुष्पा जिवंत आहे. मी जिवंत आहे. रूथ गेली.